आरओचा हप्ता भरण्याआधी बोळातली लाईन बघा

वाचक ताईंचं पत्र :

"आमचं तालुक्याचं गाव, नगरपंचायत आहे. नळाला पाचव्या दिवशी तासभर पाणी येतं. सुरुवातीला पिवळट येतं, कधी गटारीचा वास येतो, मग हळूहळू नितळ होतं. दिवाळीनंतर धाकट्याला टायफॉइड झाला. आता आमच्याच बोळात दोघांना कावीळ झाली आहे. नणंद सातव्या महिन्यात आहे, पुढच्या आठवड्यात बाळंतपणाला येतेय. सासूबाई म्हणतात, दुपदरी फडक्यानं गाळून तुरटी फिरवली की झालं, आमचा जन्म याच पाण्यावर गेला. यजमान म्हणतात, नगरपंचायतीच्या रिपोर्टवर 'पिण्यास योग्य' असं लिहिलंय, त्यांनी स्वतः बघितलाय. मागच्या आठवड्यात आरओवाला आला. त्यानं दोन ग्लासांत मशीन बुडवून दाखवलं. आमच्या नळाचं पाणी तपकिरी-काळं झालं, त्याचं होतं तसंच राहिलं. टीडीएस ३४० दाखवला. अठरा हजारांचं मशीन हप्त्यानं देतो म्हणतो. घ्यावं का? आणि लाईनला मोटर लावूनच आम्ही पाणी ओढतो. सगळेच लावतात, नाही लावली तर थेंब येत नाही."

ताई,

आरओचं नंतर बोलू. आधी नणंदबाईंचं. त्यांच्या येण्याची वाट बघू नका, आज संध्याकाळपासूनच घरातलं पिण्याचं पाणी उकळायला लागा. सगळ्यांसाठी.

पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक वेळा दोन विषाणूंची असते, हेपॅटायटिस ए आणि हेपॅटायटिस ई. लहान मुलांना ए होतो आणि बहुधा सौम्य जातो. मोठी माणसं एकाच गल्लीत पाठोपाठ आजारी पडू लागली की संशय ई चा घ्यायचा. धडधाकट माणूस यातून काही आठवड्यांत उठतो. गरोदर बाईचं तसं नाही. शेवटच्या तीन महिन्यांत ई ची लागण झालेल्या शंभर बायकांपैकी वीस ते पंचवीस दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नणंदबाई नेमक्या त्याच महिन्यांत तुमच्याकडे येणार आहेत.

म्हणून एक अवघड गोष्ट सुचवते. त्यांच्या सासरी पाणी कसं आहे, तिथल्या दवाखान्याची सोय कशी आहे, हे आधी विचारा. दोन्ही बरं असेल तर बोळातली साथ निवळेपर्यंत त्यांनी तिथंच राहावं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज मोडणं कुणालाच सोपं जात नाही, आणि सुनेनं हे सासूबाईंना सांगितलं तर त्याचा भलताच अर्थ निघेल. ते तुमच्या यजमानांनी आपल्या आईशी बोलावं. बहिणीच्या जिवाचा प्रश्न आहे, ते बोलतील. आणि यायचंच ठरलं, तर पुढचं सगळं काटेकोर पाळा.

आणखी एक. हेपॅटायटिस ई चा विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. तुमच्या बोळातले दोघं आज पिवळे दिसतात, ते मागच्या महिन्यातल्या, कदाचित त्याच्याही आधीच्या पाण्यानं. आज नितळ पाणी आलं म्हणून आज धोका टळला, असं समजू नका. बोळातला शेवटचा रुग्ण बरा झाल्यावरही दोन-अडीच महिने उकळणं सोडायचं नाही.

उकळायचं किती, यावर आपल्याकडे फार गोंधळ आहे. वीस मिनिटं उकळा, असं बऱ्याच जणींना सांगितलेलं असतं. मग सिलिंडर लवकर संपतो आणि आठवड्याभरात उकळणंच बंद पडतं. इतकं लागत नाही. पातेल्याच्या कडेला बुडबुडे दिसले म्हणजे उकळी नव्हे. पाणी मधोमध खळखळायला लागलं पाहिजे, आणि तसं एक मिनिट खळखळलं की जंतू आणि विषाणू मरतात. गॅस बंद करा, त्याच पातेल्यावर झाकण ठेवा, रात्रभर तसंच निवू द्या. उकळलेलं पाणी न घासलेल्या माठात ओतलं की सगळी मेहनत वाया जाते. माठ हवाच असेल तर तो रोज रिकामा करून घासा. पाणी काढायला लांब दांड्याचं वगराळं ठेवा आणि ते वरच्या खुंटीला टांगा. पेला बुडवला की त्याबरोबर बोटं बुडतात, आणि घरात लहान मूल असलं की ती बोटं कुठून आलेली असतात ते तुम्हाला माहीत आहे.

हे पाणी पिण्याला लागेल, चूळ भरायला आणि दात घासायला लागेल, काकडी-टोमॅटो-कोथिंबीर धुवायला लागेल. वरण-भाताला वेगळं उकळायला नको, ते उकळतंच. सहा माणसांच्या घराला दिवसाला पंधरा-वीस लिटर पुरतं. काम वाढतं हे मला कळतं. ते एकट्या तुमच्यावर पडू नये. रात्रीचं पातेलं चढवायचं काम यजमानांकडे द्या.

आता ते दोन ग्लास. त्या प्रयोगात तुमच्या पाण्याची तपासणी झालीच नाही. त्या मशीनला खाली दोन-दोन दांड्या असतात, एक लोखंडाची, एक ॲल्युमिनियमची. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडी दांडी झिजते आणि तिचं लोखंड पाण्यात उतरतं. तुम्ही जो तपकिरी-काळा गाळ पाहिलात तो त्याच्या दांडीचा होता, तुमच्या नळाचा नव्हता. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यातून वीज वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. तो पुन्हा आला तर त्याच्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि मशीन पुन्हा बुडवायला लावा. तेही तसंच काळं होईल. गेली कितीतरी वर्षं गावोगाव हाच खेळ दाखवून मशीनं विकली जाताहेत, आणि मुलांच्या आजारपणानं आधीच धास्तावलेल्या आयांना असं घाबरवणं मला अजिबात मान्य नाही.

टीडीएसचं मीटरही क्षारच मोजतं. पाण्यात वीज किती सहज वाहते त्यावरून तो आकडा काढलेला असतो. जंतू त्याला दिसत नाहीत. टायफॉइडचे जंतू असलेल्या पाण्यातही ३४० येईल आणि स्वच्छ पाण्यातही ३४० येईल. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगला मानतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तिथं २००० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे क्षारांच्या बाबतीत तुमचं पाणी उत्तम आहे. क्षार काढणं हेच आरओचं मुख्य काम, आणि ते तुमच्याकडे नाहीच. वर लिटरभर पाणी देताना घरगुती मशीन साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकून देतं. पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात ते परवडणार कसं? राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ साली ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी आणायला सांगितलं होतं, ते या नासाडीमुळेच.

आरओ जंतू अडवतो का? नवा असताना, वेळेवर फिल्टर बदलले तर बऱ्यापैकी अडवतो. पण फिल्टर वेळेवर बदलले जात नाहीत, आतल्या छोट्या टाकीला बुरशी धरते, आणि गढूळ पाण्यानं तो चार महिन्यांत चोंदतो. उकळलेल्या पाण्यापेक्षा जास्त खात्री तो देत नाही. ज्यांनी खरंच घ्यावा अशी गावं आहेत. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे; मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे हाडं आखडतात. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. तुमची नगरपंचायत उन्हाळ्यात बोअरचं पाणी टाकीत मिसळत असेल, तर फ्लोराइड आणि नायट्रेट तपासून घ्या. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर मग माझा सल्ला बदलेल. तो तपासणीचा कागद हातात आल्यावरच मशीनचा विचार करा.

चौकात मिळणाऱ्या थंड पाण्याच्या जारबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण साथ आली की लोक तिकडे वळतात. सुट्या जारचं पाणी गार केलेलं असतं. निर्जंतुक केलेलं असतंच असं नाही. नणंदबाईंना ते देऊ नका.

आता मुख्य गोष्ट, तुमच्या बोळातली लाईन. तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांत सगळं निदान आहे. सुरुवातीला वास येतो आणि मग पाणी नितळ होतं. आणि लाईनला मोटर लावलेली आहे.

पाणी फिल्टर हाऊसमधून निघतं तेव्हा बहुधा ठीक असतं. ते बिघडतं वाटेत. नळाला चोवीस तास पाणी असलं तर पाईप आतून दाबाखाली असतो. कुठं चीर पडली तर पाणी बाहेर गळतं, बाहेरचं आत शिरत नाही. पाचव्या दिवशी पाणी सोडायची पद्धत असली की मधले चार दिवस पाईप रिकामा पडतो. वॉलमननं वॉल बंद केला की उताराकडचं पाणी ओसरतं आणि आत पोकळी होते. मग ज्या चिरेतून पाणी गळत होतं त्याच चिरेतून बाहेरची ओल आत ओढली जाते. बाहेर काय असतं? लहान गावात नळाची जोडणी अर्ध्या ठिकाणी उघड्या गटारीतूनच गेलेली असते. जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप गटारीच्या पाण्यात गंजतो, सांध्यावर सुतळी गुंडाळून वर रंग थापलेला असतो, आणि पाईप फुटला की सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून भागवलेलं असतं. तुम्हीही हे बघितलं असणार. त्यात वीस घरांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की पाणी टाकीकडून येण्याआधी गटारीतून येतं. पहिल्या पाच-दहा मिनिटांचा तो पिवळेपणा आणि तो वास, तो हाच.

यात तुमचा एकटीचा दोष नाही. एकट्या घरानं मोटर काढली तर त्या घराला पाणीच येणार नाही, हेही खरं. पण दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. पाणी सुटल्यावर लगेच मोटर लावू नका. आधी तोटी उघडी ठेवा, पहिलं पाणी बादलीत घ्या, ते अंगण धुवायला, संडासला वापरा. वास आणि रंग गेल्यावरच पिण्याचं भरा. आणि दारात जमिनीतली टाकी असेल तर नळाचं पाणी तिच्यात आपल्या दाबानं पडू द्या. मोटर त्या टाकीला लावा, लाईनला नको. पुढचं काम बोळानं मिळून करायचं आहे. पाण्याच्या एखाद्या दिवशी कुणीच मोटर लावायची नाही आणि वॉलमननं अर्धा तास जास्त पाणी सोडायचं, असं ठरवून बघा. शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचलं नाही तर दोष दाबात आहे, आणि ती गोष्ट नगरपंचायतीसमोर मांडायला तुमच्या हातात पुरावा येईल.

त्याच दिवशी, पाणी चालू असताना, बोळातून एकदा चालत जा. कुठल्या जोडणीपाशी गटारीचं पाणी हलतं, कुठं जमीन ओली आहे, ते बघा. काविळीचे आणि टायफॉइडचे रुग्ण कुठल्या घरांत आहेत, ते एका वहीत बोळाचा साधा नकाशा काढून त्यावर खुणा करा. तीन-चार खुणा एका जागी पडल्या की फुटलेली जोडणी तिथंच किंवा तिच्या थोडी वरच्या बाजूला सापडते. मुख्य लाईनच्या फेरूलपासून, म्हणजे घराची नळजोडणी जिथून निघते तिथून, घरापर्यंतची जोडणी सहसा घरमालकानं आपल्या खर्चानं घालायची असते. ती गटारीतून उचलून, नवा प्लास्टिकचा पाईप, सांधा न ठेवता, गटारीच्या वरून घालून घ्या. हे काम अठरा हजारांच्या मशीनपेक्षा पुष्कळ स्वस्तात होतं. तुमच्या पैशांवर पहिला हक्क या पाईपचा आहे.

साथीची कावीळ ही पाण्याचीच गोष्ट असते, हे आपण पुन:पुन्हा बघितलंय. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचा प्रवाह बदलला आणि शहराचं सांडपाणी वझिराबादला पाणी उचलायच्या जागेपर्यंत पोचलं. तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रानं क्लोरीन वाढवलं, त्यामुळे टायफॉइड-हगवण वाढली नाही. पण गढूळ पाण्यातल्या काविळीच्या विषाणूला ते पुरलं नाही, आणि जवळपास एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली. ती ई होती, हे पुढे जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कळलं. आपल्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची साथ आली, माणसं गेली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात गुइलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागोमाग आले, तेव्हाही शोध पाण्यापर्यंतच गेला. मोठ्या शहरांत हे होतं, तिथं निदान वर्तमानपत्रं लिहितात. तुमच्या बोळातल्या दोन रुग्णांबद्दल कुणी लिहिणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगावं लागेल. आजच आशाताईंना आणि ग्रामीण रुग्णालयात कळवा. एकाच बोळात दोन काविळी म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी येऊन बघायची गोष्ट आहे, आणि कळवल्याशिवाय ते येणार नाहीत.

यजमानांनी बघितलेला रिपोर्ट खोटा असेल असं मी म्हणत नाही. पण त्यावर नमुना कुठून घेतला ते लिहिलेलं असतं, ती ओळ त्यांना पुन्हा वाचायला सांगा. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासण्यातच माझी सगळी नोकरी झाली. फिल्टर हाऊसच्या तोटीचा किंवा टाकीखालचा नमुना बहुतेक वेळा योग्यच येतो. बिघाड असतो शेवटच्या बोळात, आणि तिथला नमुना घ्यायला फार कमी लोक जातात. तो रिपोर्ट तुमच्या नळाचा नाही.

तुमच्या नळाचं काय, हे बघायला एक सोपी चाचणी आहे. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकल्यावर पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक राहतं. टोकाच्या घरीसुद्धा ते निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असायला हवं. ते शिल्लक असलं की वाटेत आत शिरलेल्या थोड्याफार घाणीशी ते लढतं. नसलं तर लढणारं कुणी उरलेलं नाही. ग्रामपंचायतीतले जलसुरक्षक यासाठी ओटी टेस्ट करतात. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि दहाएक सेकंदांत रंग बघायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. पाणी पांढरंच राहिलं तर नाही. ही किट रसायनांच्या दुकानात मिळते, माशांच्या टाक्यांचं सामान विकणाऱ्यांकडेही असते. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, ते औषध पोटात जाऊ द्यायचं नाही, मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही. पाणी येईल त्या प्रत्येक दिवशी, पाणी सुटल्यावर पंधरा मिनिटांनी, तारीख घालून रंग लिहून ठेवा. पाच-सहा नोंदी झाल्या की तुमच्यापाशी असा कागद असेल ज्यावर कार्यालयात कुणी वाद घालू शकणार नाही. पाण्याला टीसीएलचा वास आला की लोक तक्रार करतात. मला मात्र तो हलका वास आला की बरं वाटतं.

आरोग्य सेवकाकडे एचटूएसची बाटली असते, तीही मागा. खुणेपर्यंत पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं, तर त्यात मैल्याचे जंतू असल्याची दाट शंका. काळं पडलं नाही म्हणून सगळं ठीक, असा मात्र उलटा अर्थ काढू नका. पक्की तपासणी जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. जंतूंच्या तपासणीसाठी त्यांचीच निर्जंतुक बाटली लागते. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा. घरची धुतलेली बाटली चालत नाही.

सासूबाईंच्या तुरटीबद्दल. त्या सांगतात त्यातलं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं फेकून देऊ नका. तुरटीनं गाळ खाली बसतो, पाणी नितळ होतं, आणि नितळ पाण्यातच क्लोरीन नीट काम करतं. पण तुरटी जंतू मारत नाही, फडकंही विषाणू अडवत नाही. म्हणून गाळा, तुरटी फिरवा, निवळू द्या, वरचं पाणी काढून घ्या आणि मग उकळा. सासूबाईंना असं सांगा, त्यांची पद्धत आपण पूर्ण करतोय. त्या काळी त्यांच्या गावात विहिरीचं किंवा आडाचं पाणी होतं, चार-चार दिवस रिकामा पडणारा पाईप नव्हता.

उकळणं शक्य नसेल त्या दिवशी, पाहुणे आले, सिलिंडर संपला, तर आरोग्य केंद्रातून मिळणारं क्लोरीनचं द्रावण किंवा गोळ्या वापरा, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. नितळ पाण्यात टाकून अर्धा तास थांबा. जमिनीतल्या टाकीसाठी हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, हे गावोगाव वापरलं जाणारं प्रमाण आहे. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता. पुडी उघडी राहिली की पावडरीचा दम जातो, ताजी आणि कोरडीच घ्या. पण एक लक्षात ठेवा : टाकीतलं हे क्लोरीन पाच दिवस टिकत नाही. म्हणून टाकीच्या पाण्यावर टायफॉइडमधून उठलेल्या मुलाला आणि गरोदर बाईला सोडायचं नाही, त्यांना उकळलेलंच.

साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, हे तुम्हाला माहीत असेलच. आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करा, टाकीच्या हवेच्या पाईपला जाळी बांधा.

बाळंतपण तुमच्याकडे झालं तर बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणी नको, मध नको, आणि घुटी नको. सहाणेवर पाण्याचे चार थेंब घालून वेखंड, जायफळ उगाळायचं, बोटानं चाटवायचं, हे सगळं प्रेमानं होतं. पण ते पाणी, ती सहाण आणि ते बोट, तिन्हींतून जंतू जातात. बाळाला आंघोळ घालायचं पाणीही निदान साथीच्या काळात उकळून निवलेलं घ्या, तोंडात जातंच. नणंदबाईंची लघवी गर्द पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, मळमळ थांबेना, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा चांगलं प्रसूतिगृह गाठा. काविळीची माळ घालणारे, नाकात औषध पिळणारे प्रत्येक तालुक्यात आहेत. इतर कुणी गेलं तर त्याचं बहुधा निभावतं, कारण कावीळ आपसूकच उतरते. गरोदरपणात तसा वेळ मिळत नाही.

राहिला अर्ज. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमानुसार पुरेसं आणि आरोग्याला धोका नसलेलं पाणी देणं हे नगरपंचायतीचं बंधनकारक काम आहे. मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा : बोळाचं नाव, रुग्णांची संख्या, क्लोरीनच्या नोंदी, संशयित जोडण्या, आणि मागणी अशी की लाईन तपासावी, टोकाच्या नळाचा नमुना आमच्यासमोर घ्यावा. बोळातल्या जितक्या घरांच्या सह्या मिळतील तितक्या घ्या आणि कार्यालयातून पोच घेतल्याशिवाय उठू नका. त्याच दिवशी माहितीच्या अधिकाराचा अर्जही द्या, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. त्यात एवढंच मागा : गेल्या सहा महिन्यांचे पाणी तपासणीचे अहवाल, नमुना घेतल्याच्या ठिकाणांसह, रोजच्या क्लोरीन तपासणीची नोंदवही, टाकी शेवटची कधी धुतली त्याची तारीख. ही तारीख टाकीवर रंगानं लिहिलेली असते, जाताना वर बघा, जुळते का ते कळेल. अर्ज तुमच्या नावानं करा, यजमानांच्या नको. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. तशी वेळ आली तर अर्जाची आणि उत्तराची प्रत मला पाठवा, अपिलात काय लिहायचं ते सांगते.